उजवा गुडघा तपासून घ्यावा

गजूच्या जाण्याची बातमी आली तेव्हा मी वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या शाळेत चौथीच्या वर्गात फळ्यावर अपूर्णांक मांडत होते. फोन रेखाचा होता, माझ्या भावजयीचा. शाळेच्या वेळेत ती कधी फोन करत नाही, म्हणून उचलला. ती म्हणाली, "ताई, हे वांग्याच्या वावरात पडले. उठूनच नाई राह्यले." मी दवाखान्याचं विचारलं. "नेलं होतं वाशिमले. डॉक्टरनं पाह्यलं अन् घरी न्या म्हणला..." पुढे तिच्याच्यानं बोलवलं नाही. गजानन, माझा धाकटा भाऊ, बेचाळीस वर्षांचा. सकाळी विहिरीवरची मोटार सुरू करायला गेला होता, आणि अकराच्या सुमारास डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं होतं.

मालेगावहून वाशिम आणि वाशिमहून अनसिंग, अशा दोन बस बदलून मी गेले. दुसऱ्या बसमध्ये बसल्यापासून मांडीवरचा मोबाइल सारखा थरथरत होता. गावाच्या, शिक्षकांच्या, नातेवाइकांच्या सगळ्या गटांवर गजूचा फोटो फिरू लागला होता, बगलेत फुटबॉल धरलेला, कॉलेजातला. जिल्ह्याचं नाव देशभर नेणारा क्रीडातज्ज्ञ हरपला, असं कोणी लिहिलं होतं. कोणी त्याला मार्गदर्शक म्हटलं होतं, कोणी दीपस्तंभ. यांच्यातल्या निम्म्यांनी तो जिवंत असताना मला विचारलं होतं, की तुझा भाऊ दिवसभर दार लावून दुसऱ्याचे खेळ पाहते म्हणे, डोक्यावर परिणाम झाला काय त्याच्या? मला संताप यायला हवा होता. पण मी एकेक ओळ वाचत होते, कोणाकोणाचं आलं ते पाहत होते, आणि आमच्या केंद्रप्रमुखांनी लिहिलेलं वाचून मला क्षणभर बरं वाटलं. भाऊ तिकडे ओसरीत निजवलेला, आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची किळस सहा आठवडे झाले तरी जात नाही. हा लेख मी लिहिते आहे तो त्या किळसेपोटीच. नुसतं दुःख असतं तर मी गप्प बसले असते.

आमचं घर बागायती भाजीपाल्याचं. अनसिंगच्या शिवारात विहिरीचं वावर, त्यात वांगी, टमाटे, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. वडील पहाटे उठून भाजी काढायचे आणि वाशिमच्या किंवा शेलूबाजारच्या बाजारात नेऊन विकायचे. फुटबॉलचा आमच्या सात पिढ्यांशी संबंध नव्हता. गजू आठवीत असताना अकोल्याचे एक सर खेळाचे शिक्षक म्हणून बदलून आले, त्यांनी एक चामडी चेंडू आणला, आणि माझ्या भावाचं जे काही व्हायचं होतं ते त्या चेंडूनं ठरवून टाकलं. तो अंगानं बारीक, उंचीनं कमी. अमरावतीला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करताना कॉलेजच्या संघात तो बहुतेक वेळ बाकावर बसून असायचा. पण बाकावर बसलेल्या माणसाला मैदान जितकं दिसतं तितकं खेळणाऱ्याला दिसत नाही, असं तो सांगायचा. परत आल्यावर वाशिमच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवू लागला. मग कुठल्याशा कंपनीसाठी घरबसल्या सामने पाहून नोंदी करायचं काम त्याला मिळालं. कोणी कोणाला पास दिला, तो पोचला की नाही, चेंडू कुठे गेला, हे सगळं सेकंदासेकंदानं टिपायचं. घराच्या मागच्या बाजूला खताची पोती आणि फवारणीचा पंप ठेवायची खोली होती. तिथे त्यानं टेबल टाकलं, आणि पाच-सहा वर्षं माझा भाऊ त्या खोलीत युरियाच्या वासात बसून जगभरचा फुटबॉल पाहत राहिला.

त्याच्या नोंदी वाचून एका व्यावसायिक क्लबच्या मॅनेजरचा त्याला फोन आला. नाव मी घेणार नाही, घरात आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. क्लब ओळीनं दोन मोसम तळाला राहिला होता, मालक बदलले होते, आणि आता संघ नव्यानं उभा करायचा होता. गजूकडे सत्तावीस खेळाडूंची यादी आली. त्यातले ठेवायचे कोण, सोडायचे कोण, आणि दुसऱ्या क्लबला देऊन त्यांच्याकडून बदल्यात कोणाला आणायचं, हे त्यानं सांगायचं. प्रत्येकाचे किमान दहा सामने पाहून एकेक पान अहवाल लिहायचा.

मी रविवारी माहेरी गेले की तो मला ते अहवाल समजावून सांगायचा. मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण त्याचं बोलणं ऐकायला आवडायचं, कारण तो माणसं वाचत होता. "हा पाह्य ताई," तो पडद्यावर बोट ठेवायचा, "हा पोट्टा पळते लय. लोकं टाळ्या वाजवतात त्याच्या पळण्याले. पण मान वर करून पाहतच नाई. चेंडू भेटला का जिकडं तोंड तिकडं जाते. याले सोडा म्हणून लिवलं." गोलरक्षक पस्तिशी ओलांडलेला होता, त्याला काढावं असं साहेबांच्या मनात होतं. गजूनं लिहिलं, याला ठेवा, खेळवू नका पण ठेवा, मागून ओरडून सांगणारा एक माणूस संघात लागतो. मधल्या फळीतला एकजण चांगला होता, पण गोल खाल्ला की तो सोबतच्यांकडे हात पसरून पाहायचा, जणू चूक त्यांचीच. गजूनं त्याचे असे सात प्रसंग शोधून काढले आणि लिहिलं, याच्या बदल्यात कोणीही मिळत असेल तर द्या. रेखा दारातून म्हणायची, "तुमी माणसाचं एवढं वंगाळ कायले शोधता?" तर तो म्हणायचा, "वंगाळ नाई शोधत वं, आहे ते लिवतो. चांगलं असन तर चांगलं लिवतो."

ते खरं होतं. त्याच्या अहवालात कोणाची अवहेलना नसायची. वीट यायचा तो साहेबांच्या बोलण्याचा. फोनवर मोठ्यानं बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे ओसरीत बसूनही सगळं ऐकू यायचं. माल कसा आहे, माल खपेल का, जुना माल आधी काढा... वडील भाजी विकायचे ती सुद्धा अशा आवाजात विकत नव्हते. गजू नुसतं "हो साहेब, पाहतो साहेब" म्हणायचा, आणि फोन ठेवल्यावर कानावरून हात फिरवायचा, काहीतरी लागल्यासारखा.

त्या यादीत रणजित होता. कोल्हापूरचा, तेवीस वर्षांचा, डाव्या बाजूनं खेळणारा. गजूचा तो लाडका खेळाडू होता, भेट कधी झाली नव्हती तरी. त्याचे डाव्या पायाचे लांब पास तो मला पुन्हा पुन्हा दाखवायचा. "याच्याभोवती संघ उभा करा," असं त्यानं पहिल्या अहवालात लिहिलं होतं. मग काही आठवड्यांनी त्याला काहीतरी खटकलं. रणजित उडी मारून खाली येताना आता फक्त डाव्या पायावर येत होता. वळायचं असेल तर डावीकडूनच वळत होता, भले त्यात चेंडू गेला तरी. हे सामन्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात जास्त दिसत होतं. गजूनं जुने सामने काढले, नवे काढले, शेजारी शेजारी लावून पाहिले. कोणी डॉक्टरांनी, कोणी प्रशिक्षकांनी काही म्हटलेलं नव्हतं. त्यानं अहवालात शेवटी दोन वाक्यं घातली. "उजवा गुडघा तपासून घ्यावा. तपासल्याशिवाय पूर्ण सामना खेळवू नये."

साहेबांनी ती वाक्यं वाचली आणि त्यांना वेगळीच कल्पना सुचली. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपायला चार दिवस उरले होते. दुसऱ्या एका क्लबचा डावा बचावपटू नुकताच जायबंदी झाला होता, त्यांना घाई होती, आणि ते रणजितच्या बदल्यात त्यांचा मधल्या फळीतला चांगला खेळाडू द्यायला तयार होते. घाईत ते वैद्यकीय तपासणी वरवरचीच करतील, आपल्याकडचा अहवाल मागतील आणि तो स्वच्छ असेल तर सही करतील, हे साहेबांना पक्कं माहीत होतं. अडचण त्या दोन वाक्यांची होती.

तो रविवार होता. मी अनसिंगलाच होते. दुपारी जेवणं झाली होती, रेखा ओसरीत मेथी निवडत बसली होती. गजू मागच्या खोलीतून हातात फोन घेऊन आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"ताई, साहेब म्हणून राह्यले ती गुडघ्याची ओळ काढून टाका."

"मग काढ," मी म्हटलं. "गुडघा पाहणं डॉक्टरचं काम हाय. तू काय डॉक्टर हायस?"

"पण मले दिसलं ना ते."

"तुले दिसलं, बाकी कोणाले नाई दिसलं. उद्या चुकीचं निघालं तर?"

रेखानं मेथीवरून मान न उचलता म्हटलं, "खरं हाय तं राहू द्या न."

आणि मी माझ्या भावजयीला म्हटलं, "तुले काय समजते त्यातलं? तू भाजी निवड."

मला हे लिहिताना हात थांबवावासा वाटतो. कारण मी तसं का म्हटलं हे मला त्याच दिवशी माहीत होतं. पुढच्या मोसमापासून गजूला मुख्य विश्लेषक करायचं साहेबांनी कबूल केलं होतं. क्लबच्या पुस्तिकेत, प्रशिक्षकांच्या फोटोंच्या ओळीत त्याचाही फोटो येणार होता. घरात त्यावाचून काही अडलेलं नव्हतं, भाजीवर घर नीट चालत होतं. अडलेलं माझं होतं. शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले की कोणाचा भाऊ तहसीलदार, कोणाचा इंजिनियर, आणि माझ्याकडे वळून "तुमचा भाऊ काय करते म्हणता?" हा प्रश्न मी बारा वर्षं ऐकला होता. त्या पुस्तिकेचं मी आधीच सांगून ठेवलं होतं. छापून आली की आणून दाखवते म्हणाले होते. एका अनोळखी मुलाच्या गुडघ्यापायी ती पुस्तिका हातची जावी, हे मला सहन होत नव्हतं. मी गजूला म्हटलं, "एका ओळीनं कोणाचं नशीब फिरत नाई, गजू. त्याचा क्लब पाहून घेईन त्याचं." तो आत गेला. थोड्या वेळानं बाहेर आला आणि रेखाला चहा ठेव म्हणाला. "पाठोलं," एवढंच बोलला. चहा अर्धा टाकून दिला.

नव्या क्लबकडून रणजितचा तिसरा सामना आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. संध्याकाळची वेळ, दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी टमाट्याचे कॅरेट ओसरीत भरून ठेवलेले. अर्धा सामना नीट झाला. मग एक उंच चेंडू आला, रणजितनं उडी मारली, हवेत कोणाचा तरी धक्का लागला आणि तो उजव्या पायावर खाली आला. तो ओरडला नाही. जमिनीवर हात आपटत राहिला, एका लयीत, आणि शेवटी त्याचा हात थांबला. टीव्हीवर ते पाच वेळा दाखवलं, वेगवेगळ्या बाजूंनी, सावकाश. गुडघा ज्या बाजूला वळायचा नाही त्या बाजूला वळला होता. गजू उठून मागे गेला आणि धुण्याच्या दगडापाशी ओकला. रेखा पाणी घेऊन धावली. मी रिमोट हातात धरून बसले होते, आणि मला टीव्ही बंद करायचं सुद्धा सुचलं नाही.

तासाभरानं त्यानं साहेबांना फोन लावला. समोरचा आवाज नेहमीसारखा मोठा, खुशीत होता. "गजाननराव, मानलं तुम्हाला. तुमच्यामुळे वेळेवर काढला आपण. आणखी महिना गेला असता तर आपल्याच गळ्यात पडला असता." गजू ऐकून घेत होता. मग म्हणाला, "साहेब, मी उद्यापासून काम करत नाही." साहेब हसले. त्यांना वाटलं, हा आता जास्त मागतोय. "अरे, बोलू आपण, मोसम तर संपू द्या," म्हणाले. गजूनं फोन ठेवला आणि परत कधी उचलला नाही. तो मोसम संपला तेव्हा क्लब वरच्या गटात आला होता, आणि पेपरात संघाच्या उभारणीचं कौतुक करणारे रकाने छापून आले होते. रणजितच्या बदल्यात आलेला मधल्या फळीतला खेळाडू त्यातल्या फोटोत हसत उभा होता. मी तो पेपर शाळेत वाचला आणि कोणाला काही बोलले नाही. पुस्तिका आली नव्हती, आणि आता कोणी विचारतही नव्हतं.

दोनेक महिन्यांनी गजू कोल्हापूरला गेला. एकटाच, गाड्या बदलत, पिशवीत घरची तुरीची डाळ घेऊन. रणजितच्या शस्त्रक्रियेनंतरचा पाय पट्ट्यांत बांधलेला होता, गल्लीतल्या दोन खोल्यांच्या घरात तो खाटेवर बसून होता. गजूनं त्याला आणि त्याच्या आईला समोर बसवून सगळं सांगितलं. काय दिसलं होतं, काय लिहिलं होतं, काय काढलं. परत आल्यावर त्यानं मला ते जसंच्या तसं सांगितलं, आणि इतक्या सपाट आवाजात, की मला मधे बोलताच आलं नाही. रणजित त्याला म्हणाला होता, "सर, मला म्हाईत हुतं की. वरीसभर दुखत हुतं. सांगितलं असतं तर दोन्ही क्लबांनी घरला बसवलं असतं. म्हणून म्या बी बोललो न्हाई." आईनं ताट वाढलं, गजूनं ते तसंच ठेवलं. निघताना तिनं डाळीची पिशवी तशीच त्याच्या हातात परत दिली. "ऱ्हाऊ द्या, आमच्यात हाय," एवढंच म्हणाली.

"म्हणजे त्यालेही माहीत होतं," मी म्हटलं. मला त्यात सुटका दिसली होती, आणि मी ती लगेच पकडायला गेले.

गजू कॅरेटमधले टमाटे खालीवर करत होता. वडिलांची शिस्त होती, खराब फळ तळाशी घालून वर चांगलं लावायचं नाही, आणि ती त्यानंही कधी मोडली नव्हती. हातातलं काम न थांबवता तो म्हणाला, "त्यानं लपोलं ते खेळता यावं म्हणून. म्या कायच्यासाठी लपोलं, ताई?"

मी उठून चहाचे कप विसळायला गेले. त्यानंतरच्या तीन वर्षांत त्यानं हा प्रश्न मला पुन्हा विचारला नाही. माझं नाव त्या गोष्टीत आहे हे त्यानं कधी, भांडणातसुद्धा, काढलं नाही. त्यानं एकदा जरी म्हटलं असतं की तुझ्यापायी झालं, तर मी रडले असते, ओरडले असते, माफी मागितली असती. तो तसाच प्रेमानं वागत राहिला. मला स्टँडवर घ्यायला यायचा, परतताना पिशवीत सांबाराची जुडी टाकायचा... आणि मी ती जुडी घेऊन मालेगावला यायची.

फुटबॉल त्यानं सोडला. गावातल्या तरुणांचं मंडळ स्पर्धेसाठी संघ निवडून द्या म्हणून आलं, तर म्हणाला, "माणसं पाहाले लावू नका मले. भाजी पाहाले सांगा, पाहतो." वावर मात्र त्यानं वडिलांपेक्षाही छान राखलं. आणि दर रविवारी दुपारी तो रणजितला फोन करायचा. सुरुवातीला रणजित दोन शब्दांत ठेवून द्यायचा. नंतर बोलणं लांबू लागलं. कुठला व्यायाम केला, पायऱ्या चढताना किती दुखतं, सूज आहे का. रणजित परत खेळणार नव्हता हे दोघांनाही माहीत होतं. चालणं नीट व्हावं, एवढ्याचसाठी ते चाललं होतं. पुढे रणजितनं गल्लीतल्या लहान मुलांना शिकवायला घेतलं, मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून. त्याबद्दलही गजू विचारायचा, पण कोण कसा खेळतो हे कधी विचारायचा नाही.

गजू गेल्यावर नवव्या दिवशी साहेबांचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. नंबर कुठून मिळाला कोण जाणे. फार मोठं नुकसान झालं, असा माणूस होणे नाही, वगैरे झालं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "ताई, एक विचारायचं होतं. त्यांच्या लॅपटॉपमध्ये आमच्या जुन्या खेळाडूंच्या नोंदी असतील. यंदा आम्ही पुन्हा नव्यानं संघ बांधतोय. तेवढ्या मिळाल्या असत्या तर... त्यांचीही आठवण राहील." मी फोन रेखाच्या हातात दिला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, तो लॅपटॉप आता पोरीच्या अभ्यासाचा हाय. त्यातलं जुनं सगळं त्यायनं स्वतःच पुसून टाकलं, कोल्हापूरहून आल्या दिवशी." हे मला माहीत नव्हतं. पाच-सहा वर्षांचं काम त्यानं पुसलं होतं, आणि मी दर रविवारी त्या घरात जेवून येत होते.

तेरवीला रणजित आला. रेखानं कळवलं होतं. दोन दिवसांचा प्रवास करून, उजवा पाय जरा ओढत, एक सडपातळ मुलगा मांडवात शिरला आणि फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला. पंगत उठल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. घरामागच्या कडुलिंबाखाली दोन खुर्च्या होत्या. मी त्याला सांगितलं. ती ओळ काढायला मीच सांगितलं होतं, गजूच्या मनात नव्हतं, रेखानंही नको म्हटलं होतं. पुस्तिकेचंही सांगितलं. काही शिल्लक ठेवलं नाही.

तो ऐकत होता. गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून बसला होता, जसं थंडीत बसतात. मग म्हणाला, "सरांनी तुमचं नाव कधी काढलं न्हाई."

"माहीत हाय मले."

"मी समजत हुतो, त्यांनी स्वतःच केलं. तीन वर्सं मी त्यांच्यावर मनात राग ठिऊन फोनवर बोलत हुतो. त्यांना बी कळत असंल ते." तो थांबला. माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मी ज्याला भीत होते ते होतं. "मग तुमीच यायला पायजे हुतं की. एवढ्या लांब सर का आलं?"

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. तो उठला, रेखाला भेटला, गजूच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि वाशिमची बस धरायला निघाला. माझा निरोप त्यानं घेतला नाही. घ्यायला नकोच होता.

मागच्या रविवारी मी अनसिंगला गेले होते. मागच्या खोलीत आता परत खताची पोती आली आहेत. टेबल मुलीनं अभ्यासाला आत नेलं, खुर्ची तेरवीत कोणाकडे तरी गेली ती आली नाही. रेखा म्हणाली, चुना मारायचा आहे, तेवढी पोती सरकवायला हात लावा. आम्ही दोघींनी पोती ओढली, आणि भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक काळपट गोल डाग दिसला. खोबरेल तेलाचा. खुर्ची भिंतीला टेकवून, डोकं मागे टाकून तो सामन्यातले तेच दहा सेकंद पुन्हा पुन्हा पाहत बसायचा, त्याचा. भिंतीला डोकी टेकवलेली मला खपत नाहीत. माझ्या घरी मुलं टेकून बसली तर मी ओरडते, असले डाग पाहिले की मला शिसारी येते. मी त्यावर तळवा ठेवला. चिकट होता अजून. वर जरा धूळ बसली होती, आणि खाली त्या खोबरेलाचा वास होता.

"सगळ्या भिंतीले मारायचा काय चुना?" मी रेखाला विचारलं.

रेखा माझा हात बाजूला होईपर्यंत थांबली, मग पदरानं डागावरची धूळ हलकेच झटकली. शेवटचं पोतं सरकवायचं राहिलं होतं. ते तिनं भिंतीला लावून ठेवलं नाही, डागाला लागणार नाही असं हातभर अलीकडेच ठेवलं.